दाराकडे वळलेली खुर्ची

१२ डिसेंबर १९८९, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. चित्रपट दाखवण्याच्या एका छोट्या दालनात वीस प्रेक्षक बसले होते आणि माझे भवितव्य त्यांच्या हाती होते. मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. खुर्चीसाठी माणसे भांडतात, हे तुम्ही ऐकले असेल. माझ्यासाठीही भांडण झाले. पण माझ्यावर कोणी बसावे यासाठी नव्हे, तर मी कोणीकडे तोंड करावे यासाठी.

मला घडवणाऱ्या सुताराने एकही खिळा न ठोकता, लाकडात लाकूड बसवून माझे सांधे जोडले. पुढे बरीच वर्षे मी एका दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत होते. वाट पाहणाऱ्या माणसाचे वजन किती असते, ते मला तेथे कळले. तेथूनच एका दिग्दर्शिकेने मला चित्रपटासाठी उचलले.

कथा साधी होती. भांडून घर सोडलेल्या मुलीचे नावही आई काढू देत नाही. "माझ्यापुरती ती मेली," असे ती शेजारणीला बजावते. मी त्या आईची खुर्ची. पहिल्या दृश्यात दिग्दर्शिकेने मला भिंतीकडे तोंड करून ठेवले आणि पुढे प्रत्येक दृश्यात दाराकडे किंचित वळवले. आई तोंडाने 'नाही' म्हणत होती. मी 'हो' म्हणत होते.

चित्रणाच्या जागी एक बाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. दोन दृश्यांच्या मध्ये एखादी वस्तू हललेली दिसू नये, हे पाहणे त्यांचे काम. त्यांनी मला कालच्या छायाचित्राशी ताडून पाहिले आणि इमानेइतबारे पुन्हा भिंतीकडे फिरवले. सकाळभराचे चित्रण वाया गेल्यावर ते लक्षात आले.

"मावशी, खुर्ची कोणी हलवली?"

"मीच. काल अशी नव्हती. रात्रीतून काय पाय फुटले तिला?"

"चार आहेत की आधीपासून!" दिग्दर्शिका हसली आणि मग तिने कारण सांगितले.

मावशींनी जीभ चावली. "अगं बाई! आधी नाही का सांगायचं? मी त्या माउलीची मानच पिरगाळत होते की." त्या दिवसापासून त्या प्रत्येक दृश्यासाठी फरशीवर खडूची नवी खूण करू लागल्या. मला बोट लावण्याची मग कोणाची छाती झाली नाही.

खरे संकट पुढेच होते. निर्माते हे दिग्दर्शिकेचे सख्खे मामा. शेवटच्या दृश्यात मुलगी दारात येते, आई तिच्याकडे पाहते आणि मी पूर्णपणे दाराकडे वळलेली असते. बस्स, इतकेच. मामांना ते पटेना.

"आई तोंडातून ब्र काढत नाही. लोकांना कळणार कसं? 'बाळ, तुला माफ केलं', एवढं म्हणू दे की तिला!"

"मामा, खुर्ची सांगते ना."

"खुर्चीच बोलणार होती, तर नटी कशाला आणली मग?"

अखेर पैज ठरली. वीस अनोळखी माणसांना चित्रपट दाखवायचा. निम्म्याहून अधिक जणांना आईचे मन कळले नाही, तर तिच्या आवाजात ते वाक्य घालायचे. ते वाक्य आले असते, तर माझे वळणे व्यर्थ होते. मी केवळ घरातील सामान ठरले असते.

खेळ संपला. मामा उठले. "आईनं मुलीला माफ केलं का?" वीसही हात वर झाले.

"कशावरून?"

तिघे म्हणाले, "खुर्चीवरून." बाकीचे घुटमळले. एक आजोबा म्हणाले, "ते काही सांगता यायचं नाही. पण केव्हाची वाट बघत होती हो ती!"

"बघ," मामा भाचीकडे वळले, "सतरा जणांना तुझी खुर्ची दिसलीच नाही."

"दिसली नाही, पण कळली. आणि मामा, दोन तास तुम्ही कशावर बसला होतात?"

मामांनी मागे वळून पाहिले. दालनात आसन कमी पडले, म्हणून मलाच तेथे आणून ठेवले होते.

आज मी गोदामात आहे. माझा एक हात निखळला आहे. मित्रांनो, मला पुसा, रंगवा, अशी विनवणी मी करणार नाही. मात्र पडद्यावर कोणी बोलत असेल, तेव्हा त्याच्या मागची भिंत, दार आणि खुर्चीही पाहत जा. आणि 'अर्थ सांगून टाका' असा कोणी हट्ट धरला, तर खुशाल गप्प राहा. मी तेव्हा गप्पच राहिले आणि जिंकले.

शेवटच्या दृश्यातील संवाद: शून्य.