नाकवाले काका

मारुतीकाका बोईसरच्या एका औषधांच्या कारखान्यात सांडपाण्याचे नमुने आणायचे. बावीस वर्षं रोज सकाळी शुद्धीकरणाच्या पाच टाक्यांमधून पाच बाटल्या भरायच्या आणि लॅबमध्ये केमिस्ट प्रियदर्शिनीच्या टेबलावर ओळीने ठेवायच्या, एवढं त्यांचं काम. एका दुपारी तिने गंमत म्हणून त्यांच्या डोळ्यांना रुमाल बांधला आणि एकेक बाटली नाकाखाली धरली.

"हे कच्चं. हे चुना घातल्यालं. हे हवा दिल्यालं..."

पाचही बरोबर. तिने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. आठवड्याभरात साठ लाख लोकांनी पाहिला.

"आमच्या पाम गावाला सगले तुमालाच बघतात, काका," ऑपरेटर रूपेश म्हणाला. "नाकाचा विमा काढा आता. सर्दी झाली तर कंपनी बुडल."

"नाकाचं काय न्हाई रं, सवय हाय," काका म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागले.

एका यूट्यूब चॅनेलने पालघरच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम ठरवला. काकांनी नांदेडहून लेक प्रतीक्षाला सासूसासऱ्यांसकट बोलावलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रियदर्शिनीने तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, आणि या वेळी तिचं लक्ष बाटल्यांकडे गेलं. तिने त्या ट्रेमधून रोजच्याच क्रमाने उचलल्या होत्या. पहिली टाकी, दुसरी टाकी, तिसरी. त्या क्रमाने लॅबमधल्या कोणीही डोळे मिटून नावं सांगितली असती. त्यात नाकाचा भाग किती, हे या चाचणीतून कळूच शकत नव्हतं.

तिने काकांना सांगितलं.

"डोळे बांधले व्हते की, मॅडम."

"क्रम लक्षात राहायला डोळे लागत नाहीत, काका."

तिने पुन्हा रुमाल बांधला, बाटल्यांची जागा बदलली. पाचातल्या दोन बरोबर आल्या. काका रुमालाची घडी घालत बसले.

"जरा सर्दी हाय."

"आपण कार्यक्रम पुढे ढकलू या का?"

"पाव्हणे गाडीत बसलेत."

हॉलमध्ये ट्रे तिने स्वतः नेला. बाटल्या रोजच्या क्रमाने लावल्या. आपण काय करतोय ते तिला पक्कं ठाऊक होतं. काकांच्या डोळ्यांना पट्टी बांधून झाली, आणि निवेदक ओठांवर बोट ठेवून प्रेक्षकांकडे बघत हसला. मग त्याने बाटल्या इकडच्या तिकडे केल्या.

काका ताठ बसले. "हे कच्चं," ते ठाम आवाजात म्हणाले. "हे चुना घातल्यालं."

प्रत्येक उत्तरानंतर निवेदक लेबल प्रेक्षकांकडे वळवत होता. तिसऱ्या बाटलीला लोक खदखदून हसले. लोक खूश आहेत असं वाटून काकाही हसले. पहिल्या रांगेत प्रतीक्षा पदराच्या टोकाला गाठी मारत खाली बघत होती.

कार्यक्रमाचा व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त चालला. प्रियदर्शिनीने आपला काढून टाकला, पण तोवर त्याच्या शेकडो प्रती फिरत होत्या. आठ दिवसांनी लोक तिसऱ्याच कोणावर तरी हसत होते.

काका कामावर येत राहिले, जुन्या शर्टात. आता ते बाटली ठेवण्याआधी लेबल वाचत, ओठ हलवून, सावकाश. एका सकाळी पाचवी बाटली ठेवून ते थांबले.

"मॅडम, आधी तरी वळकता येत व्हतं का मला? लेक इचारतीय."

बावीस वर्षांत कोणी बाटल्यांचा क्रम बदलला नव्हता. त्यामुळे कोणालाच ते ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही, काका," ती म्हणाली.

"मग तिला काय सांगू?"