सात पाण्यांनी धुतलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे आणि आता फार दमले आहे. कारागिराने मला ज्योतीवर वाकवले आणि पोटात केसाएवढी बारीक वाट ठेवली. त्या वाटेने द्रव उतरायला किती सेकंद लागतात, यावरून तो किती दाट ते कळे. एवढेच माझे काम.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत ओडेसाबाई मला धूत, आधी आम्लाने, मग सात पाण्यांनी. त्यांच्या गल्लीत दर शनिवारी घरापुढच्या संगमरवरी पायऱ्या घासायची रीत होती. जिची पायरी मळकी, तिचे नाव खराब. त्याच हातांनी त्या मला लख्ख करत.

डॉक्टर व्हिटकॉम जिवाणूंचा अभ्यास करत. एकदा त्यांनी जिवाणू फोडून काढलेला रस विषाणूच्या डीएनएत मिसळून माझ्यात ओतला. डीएनएचे धागे लांब, त्यामुळे द्रव मधासारखा रेंगाळायला हवा होता. पण दर खेपेला तो आधीपेक्षा लवकर उतरू लागला. धागे तुटत होते. बोटाचा घाम लागला तरी ते तुटतात, म्हणून डॉक्टरांनी खापर फोडले ओडेसाबाईंच्या डोक्यावर. पुन्हा असे झाले तर दुसरी बाई बघू, असेही ते बोलून गेले. मला फार वाईट वाटले, पण काचेला तोंड कुठे असते?

तिसऱ्यांदा तेच झाले, तेव्हा बाई हात पुसत आल्या.

“डॉक्टर, नळी घाण असेल तर त्यात काहीही घातलं तरी नासेल ना? मग आता त्या जिवाणूचा स्वतःचाच डीएनए घाला, त्याच रसाबरोबर. मी नळी धुणार नाही. अशीच घ्या.”

डॉक्टर हसले, पण घड्याळ लावून बसले. द्रव पहिल्या खेपेला जितका सावकाश उतरला, तितकाच दहाव्या खेपेला. रसात जणू कात्री होती. ती घरचे धागे सोडून परक्याचेच कापत होती.

“हे पुन्हा करून बघायला हवं,” डॉक्टर पुटपुटले.

“करा की. पण आधी माझं नाव धुऊन द्या.”

डॉक्टरांनी ते ऐकले नाही. ते वहीत लिहीत होते.

पुढे त्या कात्रीने लोक जनुके कापू-जोडू लागले, त्यातून औषधे निघाली, डॉक्टरांचे सत्कार झाले. मी कपाटात शोभेला गेले. निवृत्तीच्या दिवशी बाईंनी मला बाहेर काढून शेवटचे धुतले. त्यानंतर माझ्यावर नुसती धूळ बसते आहे.

माझे राहू द्या, मित्रांनो. पण काही बिघडले तर धुणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी पुन्हा एकदा मोजून पाहा. आणि चूक आपली निघाली तर तसे तोंडाने म्हणा. ओडेसाबाईंनी त्या एका वाक्याची निवृत्तीपर्यंत अकरा वर्षे वाट पाहिली.