वन्समोरची बंदूक

रीतानं पिशवीतून तीन स्प्रिंगा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि खुर्ची फिरवून उजवा कान माझ्याकडं केला. डाव्या कानात कापूस होता.

"बंदूक करून द्या म्याडम. टिकलीवाली नाई. मागच्या साली टिकलीनं माहा पदर जळला. घोडा दाबला की त्याच्या छातीवर रंग उमटला पाहिजे."

मी आरमोरीत बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. रीता माझी शेजारीण, गुणवंतरावांच्या नाटक कंपनीतली नायिका. तिचा नवरा विक्की त्याच कंपनीत खलनायक. या हंगामाच्या नाटकात दुसऱ्या अंकात तो तिच्या कानाखाली मारायचा आणि शेवटच्या अंकात ती त्याला गोळी घालायची. गोळी खोटी, थप्पड खरी. आमच्या झाडीपट्टीत प्रेक्षकांना प्रसंग आवडला की ते 'वन्समोर' ओरडतात, आणि वन्समोर आला की तो प्रसंग पुन्हा करावाच लागतो. थप्पडीला प्रत्येक गावात वन्समोर येत होता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"पडद्याले भोक हाय म्हणे. आणखी मार बसला तं कान गेला."

"विक्कीला सांगितलंस?"

"सांगतलं ना. तो म्हणे, हळू मारलं तं लोक हासतात."

मी पीव्हीसी पाइपचा सिलिंडर केला. आत सायकलच्या पंपाचं चामडी वायसर लावलेला दट्ट्या, त्याच्यामागं स्प्रिंग, पुढं बारीक नळी. घोडा कपड्यांच्या चिमट्याचा. बाण टीव्हीच्या खोक्यातल्या फोमचे कापले आणि टोकाला अलत्यात भिजवलेला स्पंज चिकटवला.

पहिल्या स्प्रिंगनं बाण नळीतच राहिला. दुसरीनं तो आठ पावलांवरच्या पपईवर लाल ठसा उमटवून खाली पडला. तिसरी जुन्या ट्रॅक्टरच्या सीटमधली होती. दट्ट्या ओढायला बंदूक गुडघ्यांत धरावी लागली. बाण लागला आणि पपईची साल फाटून गर ओघळला.

रीता पपईकडं बघत राहिली. "हेच राहू द्या."

"नाही. नेम चुकला तर डोळा जाईल त्याचा."

"माह्या कानाचं कोणं गणित केलं होतं का म्याडम?"

मी ती स्प्रिंग काढली. दुसरी स्प्रिंग बसवली. तिसरी तिच्या हाती लागू नये म्हणून माझ्या पर्समध्ये टाकली.

पुढचा प्रयोग जंगलाला लागून असलेल्या एका गावात होता. तिथं वाघानं पंधरवड्यात दोन माणसं नेली होती, अंधारात कोणी घराबाहेर पडेना. म्हणून नाटक भर दुपारी ठेवलं होतं. बंदूक अडकली तर दुरुस्त करायला म्हणून मी विंगेत उभी होते.

दुसऱ्या अंकात विक्कीनं मारलं. हात तळव्यात खोलगट करून मारला. असा हात कानावर बसला की कानातली हवा दाबली जाते आणि पडदा फाटतो. आवाज मात्र छान येतो.

"वन्समोर!"

रीता उठली. त्यानं पुन्हा मारलं. ती पेटीवाल्यावर जाऊन आदळली.

"वन्समोर! वन्समोर!"

"गुणवंतभाऊ, थांबवा," मी म्हणाले.

"काऊन थांबवू, बाई? पब्लिक रंगली हाय." ते विंगेतून ओरडले, "हाण रे विक्की, जोऱ्यात हाण!"

तिसऱ्या थप्पडीनंतर ती उठली तेव्हा कापूस लाल झाला होता. विंगेत आल्यावर मी तिला हाक मारली. मी डाव्या बाजूला होते. तिनं मान वळवली नाही.

शेवटचा अंक सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी बंदुकीचं मागचं झाकण फिरवून काढलं आणि पर्समधली स्प्रिंग आत बसवली. मग रीताला बंदूक दिली आणि म्हणाले, "डोळ्यावर धरू नकोस." ते तिला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. पण दट्ट्या ओढताना तिला बंदूक गुडघ्यांत धरावी लागली, आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

पहिला बाण छातीच्या मधोमध लागला. विक्की ठरल्याप्रमाणे मागं कोसळला, पण तोंडातून निघालेला आवाज ठरलेला नव्हता. तो पालथा होऊन श्वास शोधू लागला.

मांडव उसळला. "वन्समोर!"

विक्की उठेना.

"ऊठ बे!" गुणवंतराव ओरडले. "वन्समोर हाय!"

"भाऊ, बरगडी गेली वाटते माही..."

"मेलेल्याले बोलता येते का? ऊठ!"

तो उठला. दर गावात रीता उठत होती, तसाच. तिनं बंदूक गुडघ्यांत धरून दट्ट्या ओढला, बाण भरला आणि चालू लागली. आठ पावलं, पाच, दोन.

"रीता, पाया पडतो तुह्या," विक्की म्हणाला. हे वाक्य नाटकात नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी पडद्याची दोरी धरली होती. ओढली असती तर पडदा पडला असता.

तिनं नळी त्याच्या डाव्या कानावर दाबून धरली. इतक्या जवळून बाण नव्हे, हवा मारते; हे तिला मी शिकवलं नव्हतं. ते विक्कीनं शिकवलं होतं.

तिनं घोडा दाबला. विक्की किंचाळला आणि कान धरून जमिनीवर गडाबडा लोळू लागला. बोटांमधून लाल उतरत होतं. अलता किती आणि रक्त किती, ते सांगता येत नव्हतं.

"वन्समोर!" मांडव ओरडला. रीतानं तिसऱ्या बाणाकडं हात नेला.

तेव्हा मी दोरी ओढली.

पडद्याआड विक्की शिव्या देत होता, तिला काय काय करीन ते सांगत होता. रीता त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि चांगला कान पुढं केला.

"जोऱ्यानं बोल. मले ऐकू येत नाई."

विक्की तिच्या ओठांकडं बघत राहिला. मग डोकं फिरवून त्यानं उजवा कान तिच्याकडं केला आणि विचारलं, "काय म्हणलं?"