डेअरीची रांग

माझी गाय आटली तेव्हा मला दुधाची काळजी नव्हती. व्यायला दोन महिने होते, तेवढे कसेही काढले असते. काळजी होती रांगेची. वीस वर्षं त्या एका गोठ्यावर घर चालवलं आणि रोज सकाळी डेअरीच्या रांगेत किटली घेऊन उभी राहिले. मधे घुसणाऱ्यांशी भांडायचं, कुणाकुणाच्या सुनेची निंदा ऐकायची, त्यात आपलं मीठ-मिरची घालायचं. नवरा गेला, मुलगा लांब नोकरीला. दिवसभरात माणसाचा आवाज कानावर पडायचा तो तिथेच.

दोन दिवस घरी बसले. तिसऱ्या दिवशी भिंतीशी बोलताना माझी मलाच भीती वाटली. शेजारच्या वहिनींकडून म्हशीचं लिटरभर दूध विकत घेतलं. पण माझं खातं गाईचं, म्हशीचं घट्ट दूध त्यावर खपायचं नाही. म्हणून त्यात पाणी ओतलं. विनाशकाले विपरीत बुद्धी! उभ्या जन्मात दुधात थेंब घातला नव्हता, आणि घातला तो पदरचे पैसे मोडून.

दूध तपासणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणतो. त्याने लॅक्टोमीटर सोडला, तो थेट खाली बुडाला.

"मावशी, यात पाणी आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "गरीब गाय, पोटात पाय!"

गप्प राहून चोर ठरणं सोपं होतं. पण चोराला रांगेत कोण उभं करतं?

"माझी गाय आटलीये," मी म्हणाले. "हे वहिनींच्या म्हशीचं. घरी बोलायला कुणी नाही, म्हणून आले."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मास्तरने ते दूध बाजूला ठेवलं. "उद्यापासून वहिनींचं दूध त्यांच्याच नावावर आणा," तो म्हणाला. "त्यांचीही फेरी वाचेल."

आता मी वहिनींची किटली नेते. सगळे फार चांगले वागतात. कुणी भांडत नाही, माझ्यासमोर कुणाची निंदाही करत नाही. मी लांबून दिसले की रांग बाजूला सरते.

"मावशी, तुम्ही व्हा पुढे. तुम्हाला कशाला ताटकळत ठेवायचं?"

मी पुढे होते. पाच मिनिटांत किटली रिकामी होते, आणि मला घरी जावं लागतं.