चोरलेला घोट

"बाबा, खरं सांग. किती प्यालास?"

"मी कवरा पेनार? तुजा काटाच खोटा हाय!" गोपीनाथ वजनकाट्यावरून उतरले आणि रागारागाने पुन्हा चढले. काटाही त्यांच्यासारखाच हट्टी. परवापेक्षा दोन किलो आठशे जास्त म्हणजे जास्त.

मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं वजन दोन दिवसांत एवढं वाढतं, ते काही बाळसं नव्हे. ते पाणी. गोपीनाथांना दिवसाला पाऊण लिटरची मुभा होती. चहा त्यातच, आमटी त्यातच, गोळ्या गिळायचं पाणीसुद्धा त्यातच. त्यांची लेक शकू घरी वहीत कपाकपाची नोंद ठेवायची, आणि म्हातारा वहीबाहेर प्यायचा. आयुष्यभर मिठात राबलेला माणूस. आता त्याला मीठही बंद आणि पाणीही मोजून. वैताग येणारच की हो! पण शकूने तरी किती समजून घ्यायचं?

ठाकुर्लीच्या ज्या छोट्या रुग्णालयात गोपीनाथ एक दिवसाआड डायलिसिसला यायचे, तिथेच शकू अकरा वर्षं पाणीखोली सांभाळत होती. डायलिसिसच्या चार यंत्रांना लागणारं पाणी ही तिची जबाबदारी. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आधी कोळशाच्या थरातून जायचं, मग आरओमधून. पाण्यातलं क्लोरीन पिणाऱ्याचं भलं करतं, पण तेच यंत्रातून रक्ताला भिडलं तर तांबड्या पेशी फोडतं. म्हणून रोज सकाळी नळीत पाणी घ्यायचं, त्यात एक गोळी विरघळवायची आणि बघत बसायचं. गुलाबी झालं तर थांबा. रंग आला नाही तर खुशाल चालू करा.

आजही तिने गोळी टाकली होती. तेवढ्यात बाहेरून "शके, यो काटा बग गो!" अशी हाक आली आणि ती धावली. भांडण आटपून परत आली तेव्हा नळीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. तिने रजिस्टरात 'क्लोरीन: निरंक' असं लिहिलं, सही ठोकली आणि तंत्रज्ञ सर्वेशला आवाज दिला, "झालं रे, घे सुरू करायला."

सर्वेशने पहिल्या खुर्चीवरच्या धोंडीबांच्या हातात सुई टोचली. शकू गोपीनाथांना शोधायला वळली. हात धुवायला म्हणून गेलेले बाबा बेसिनपाशी नव्हते. ते पाणीखोलीत होते, तपासणीच्या नळाशी वाकलेले, हनुवटी ओली.

"बाबा!"

म्हातारा दचकला. शकूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "परत? अरे, आत्ता वजनावर भांडलास ना माझ्याशी? श्वास अडकून मरशील अशानं!"

"येकच घोट घेतला गो." गोपीनाथांनी तोंड वाकडं केलं. "पन नाय गेला घशाखाली. वास हाय पान्याला."

"आता पाण्यालाच नावं ठेव."

"खरा सांगतंय. पावडरीचा वास हाय. थुकलो मी त्यो."

शकूला फिनेलच्या आणि मास्कच्या पलीकडे कसलाच वास येत नव्हता. कुणी दुसरा असता तर तिने दंडाला धरून खुर्चीत नेऊन बसवला असता. पण कोपरीच्या मिठागरात याच माणसाला मुकादम मुद्दाम बोलावून न्यायचा. बाबा वाफ्यातलं पाणी तोंडात धरायचे, थुंकायचे आणि म्हणायचे, उद्या सकाळला मीठ बसंल. आणि बसायचंच. किती प्यालो याबद्दल हा माणूस दिवसभर खोटं बोलायचा, पण पाणी कसं आहे याबद्दल जन्मात कधी खोटं बोलला नव्हता.

तिने पुन्हा नळी भरली, गोळी टाकली आणि या वेळी नजर हलवली नाही. पाणी क्षणभर गुलाबी झालं. आणि बघता बघता तो रंग पुसला गेला.

प्रशिक्षणात सांगितलेलं शकूला आत्ता, अकरा वर्षांनी, लख्ख आठवलं. क्लोरीन भलतंच जास्त झालं तर ते रंगालाही खाऊन टाकतं, आणि पाणी निर्दोष दिसतं.

"सर्वेश! पंप लावू नको!"

"काय झालं मावशी? सुई गेलेली आहे ऑलरेडी."

"जाऊ दे! हात काढ म्हणते ना!"

तिच्या आवाजाने सर्वेशचा हात बटणावरून मागे आला. शकूने एक भाग पाणी घेतलं, त्यात नऊ भाग सीलबंद बाटलीतलं शुद्ध पाणी मिसळलं आणि गोळी टाकली. नळी गर्द गुलाबी झाली, आणि तशीच राहिली. दहापट पातळ करूनही क्लोरीन एवढं होतं.

धोंडीबांनी विचारलं, "काय ओ, माझं कायतरी बिघडलं का?"

"नाही काका," शकू म्हणाली, "काहीच नाही बिघडलं." आणि ती मटकन स्टुलावर बसली. जीव भांड्यात पडतो म्हणतात, तो असा.

मग धावाधाव झाली. आदल्या दिवशी गच्चीवरची टाकी धुणाऱ्यांनी ब्लीचिंग पावडर सढळ हाताने ओतली होती आणि टाकी विसळायची मात्र राहून गेली होती. आरओआधीचा कोळसाही दमलेला निघाला. टाकी उपसली, टँकर आला, कोळसा बदलला. शकूने तीनदा तपासणी केली, तिन्ही वेळा नळीसमोरून न हलता. यंत्रं सुरू व्हायला दुपारचे तीन वाजले.

सर्वेश तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, सकाळची एंट्री फाडून टाका ना. कुणाला कळणारे?"

"मला कळलंय ना." तिने ती ओळ वाचता येईल अशी आडवी खोडली. खाली लिहिलं: 'नळीवर लक्ष नव्हतं. तपासणी चुकली. चूक माझी.' आणि पूर्ण नावानिशी सही केली.

चौथ्या खुर्चीत गोपीनाथ डोळे मिटून पडले होते. नळ्यांतून रक्त शांतपणे जात-येत होतं. ती शेजारी बसली तसे ते पुटपुटले, "शके, वहीत लिवलास काय माजा सकालचा घोट?"

शकूने फ्रीजमधून आणलेला बर्फाचा खडा त्यांच्या ओठांना लावला.

"कसला घोट, बाबा?"

म्हाताऱ्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग खडा गालात धरला आणि तो सावकाश, अगदी सावकाश विरघळू दिला.