वरचा थर

ऑनलाइन किराणा दुकानाच्या गोदामात भाजी-फळांच्या खरेदीवर जो साहेब होता, त्याला समोर सगळे साहेब म्हणत आणि पाठ फिरली की नारद. त्यालाही ते माहीत होतं आणि मनातून आवडत होतं. कांदेवाल्याला बटाटेवाल्याविषयी काहीतरी पुडी सोडून द्यायची आणि लांबून मजा बघायची, यावर त्याचं दुपारचं जेवण पचायचं.

भाजी पुरवणाऱ्यांची एक रीत जुनीच. क्रेटमध्ये वर नवरदेवासारखे तुकतुकीत टोमॅटो आणि खाली वऱ्हाडातली दमलेली, चेंगरलेली मंडळी. नारदानं त्यावर तोड काढली. माल आला की दारावरच्या तपासनिसानं त्या क्रेटवर रिकामा क्रेट पालथा घालायचा आणि दोन्ही मिळून उलटे करायचे. वऱ्हाड वर, नवरदेव खाली. पहिल्या दिवशी पुरवठादारांची तोंडं बघून नारद बर्फाच्या खोलीमागे जाऊन पोट धरधरून हसला. हळूहळू सगळे सुधारले.

तरी एका माणसाच्या टोमॅटोबद्दल गिऱ्हाइकांच्या तक्रारी काही थांबेनात. तो माणूस म्हणजे नारदाचा सख्खा मेव्हणा.

मोठ्या मॅडमनी सांगून टाकलं, की उद्या मी स्वतः दारावर उभी राहणार आणि ज्याचा माल खराब, त्याला तिथूनच कायमचा नमस्कार. मॅडमना गोदामात थर्मामीटर म्हणत. फळात बोट खुपसलं की आतला ताप कळायचा त्यांना.

नारदानं घरी हे सांगितलं मात्र, बायकोनं पोळी लाटता लाटता लाटणं थांबवलं.

"माझ्या भावाला काढलंत, की मीही निघाले माहेरी. आणि मला न्यायला यायचं, तर दार तोच उघडेल, एवढं ध्यानात ठेवा."

नारदानं लगेच मेव्हण्याला फोन लावला, उद्या माल नीट आण म्हणून बजावलं. मेव्हणा म्हणाला, काळजीच नको, असा लावतो की बघत राहाल.

आता नारदाचं डोकं चाललं. क्रेट उलटत असताना याचा माल पास होतोच कसा? साहेबांचा मेव्हणा म्हणून तपासनीस भीड धरत असणार, याचे क्रेट उलटतच नसणार. म्हणजे गडी अजून जुन्या रीतीनंच भरतोय, चांगलं ते वर. मग तर सोपंच झालं. सकाळी त्यानं तपासनिसाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आज कुणाचाच क्रेट उलटायचा नाही. तपासनीस म्हणाला, साहेब, तुमच्या मेव्हण्याचं जरा वेगळं आहे. नारदानं त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

मेव्हण्याचा टेम्पो आला. क्रेट खाली उतरला, मॅडम पुढे झाल्या. वरच्या थरात फुटलेले, पिचपिचीत, बुरशी धरलेले टोमॅटो. एकाला तर दाढीच फुटलेली. मॅडमचं बोट न खुपसताच आत गेलं.

मेव्हण्याच्या तोंडचं पाणी पळालं. "भाऊजी, उलटवा ना," तो कळवळून म्हणाला. "मी उलटणार हे धरूनच भरलंय."

तेव्हा कुठे नारदाच्या टाळक्यात उजेड पडला. तपासनीस रोज इमानदारीनं उलटत होता, आणि हा बेटा रोज चांगलं ते तळाला घालून आणत होता. चोरावर मोर. सासुरवाडीत एवढं डोकं असेल असं नारदाला कधी वाटलं नव्हतं.

मॅडमनी बोट रुमालाला पुसलं. "उलटणार हे धरून म्हणजे?"

नारदाला डोळ्यांसमोर बायकोची बॅग दिसली. त्यानं रिकामा क्रेट ओढला आणि टोमॅटोचा क्रेट त्यात पालथा केला. वर आले लालबुंद, घट्ट, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे.

"मॅडम, हा आमचा नवा प्रयोग," तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला. "खराब माल लपवायचा नाही, मुद्दाम वर ठेवायचा. दारातच वेचून फेकायचा, खालचा सगळा गिऱ्हाइकाला. घरचाच माणूस म्हणून याच्यापासून सुरुवात केली."

तपासनिसाला ठसका लागला. मॅडमनी एकदा क्रेटकडे पाहिलं, एकदा मेव्हण्याकडे. मेव्हण्यानं जमेल तेवढा प्रामाणिक चेहरा केला. सवय नसल्यानं तो दाढ दुखल्यासारखा दिसत होता.

"हे आधी का नाही सुचलं कुणाला?" मॅडम म्हणाल्या. आणि उद्यापासून सगळ्यांनी असाच माल आणायचा, वर खराब दिसलं तरच क्रेट आत घ्यायचा, आणि कसं भरायचं ते मेव्हण्यानंच सगळ्यांना शिकवायचं, असा हुकूम सोडून त्या काकड्यांकडे वळल्या.

बायको माहेरी गेली नाही. उलट भाऊ मास्तर झाला म्हणून तिनं शेजारीपाजारी सांगून ठेवलं. मास्तर मात्र पेचात पडला. शिकवायचं म्हणजे स्वतः तसं भरणं आलं, आणि वर ठेवलेलं सगळं दारातच फेकलं जाऊ लागलं. मग तो खरेदी करतानाच निवडून घेऊ लागला. तक्रारी बंद झाल्या.

एका सकाळी नारद दाढी करत असताना मेव्हण्याचा फोन आला. आवाज रडवेला.

"भाऊजी, घोटाळा झालाय. आज सगळाच माल चांगला निघालाय. वर काय ठेवू?"

नारदानं गालावरचा फेस पुसला. "शेजारच्या टेम्पोवाल्याकडून चार सडके मागून घे," तो म्हणाला, "आणि त्याला सांगू नकोस कशाला ते."