कोरा चौकोन

बंदराच्या नकाशा कचेरीत ताई एकवीस वर्षं एकच काम करत होती. कुठे नवा दिवा लागला, कुठे गाळ साचला, अशा सूचना दर आठवड्याला यायच्या आणि ती जांभळ्या शाईने नकाशांवर त्या दुरुस्त्या उतरवायची. तिच्या हातचा नकाशा म्हटला की खलाशी निर्धास्त असत. धाकटा भाऊ मात्र चिडवायचा, "समुद्र देवाने केला, ताई, पण सही तुझी."

त्या आठवड्यात सामुद्रधुनीबद्दल दोन सूचना आल्या. एका महासत्तेने तिथला एक चौकोन तोफांच्या सरावासाठी बंद केला होता. दुसरीने कळवलं होतं, की तो बंद करायचा हक्क कोणालाच नाही.

"हा चौकोन काढायचा नाही," साहेब म्हणाले. "काढला की त्यांची मालकी मान्य केल्यासारखं होतं. वरचा हुकूम आहे."

"आणि गोळे पडले तर, साहेब?"

"ते आपल्या खात्यात येत नाही, बाई."

अशा वेळी ताई ओळखीच्यांसाठी पेन्सिलीची पुसट रेघ मारून ठेवायची. धाकट्याच्या मालबोटीच्या नकाशावरही तिने ती मारली होती. पण साहेब एकेक नकाशा खिडकीशी धरून तपासू लागले, तसा तिचा धीर सुटला. तिने रेघ खोडली. धाकटा दुपारी जेवायला येईलच, तेव्हा तोंडी सांगू, असं मनाला समजावलं.

धाकटा नकाशा न्यायला आला तेव्हा साहेब शेजारीच उभे होते.

"एवढा कोरा कसा गं? शाई संपली की तू दमलीस?"

"जेवायला ये," एवढंच ती म्हणाली. "वेळेवर ये."

"तू वाढून ठेव, आलोच."

भरती साधायची म्हणून तो न जेवताच निघाला. फोन लागेना. ताई धावत बंदराच्या वायरलेस खोलीत गेली, तर तिथेही तोच हुकूम येऊन बसला होता: त्या चौकोनाबद्दल बोटींना काही कळवायचं नाही.

पाचव्या दिवशी कचेरीत पुन्हा दोन्ही महासत्तांकडून कागद आले. एकीने लिहिलं होतं, बोट बंद क्षेत्रात घुसली. दुसरीने लिहिलं होतं, बोट खुल्या समुद्रात होती. अक्षांश, रेखांश आणि पाण्याची खोली मात्र दोन्हींकडे एकच. बुडालेल्या बोटीची खूण करायला कोणाचीच हरकत नव्हती.

साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "बाई, हे दुसऱ्या कोणाला देतो."

"नको," ताई म्हणाली. "त्याला माझ्याच हातचं लागतं."

त्या सामुद्रधुनीचे सव्वीस नकाशे होते. प्रत्येकावर त्याला तिनेच तिथे ठेवलं.